पाटीवरची पाचवी ओळ

नातेवाईक म्हणून गेलं तर त्या कॉलेजचं दार बंद होतं आणि पर्यटक म्हणून गेलं तर सताड उघडं. हा शोध धाकटीचा. बाबांनी वर्षभरात तीन पत्रं पाठवली होती आणि तिन्हींना एकच उत्तर आलं होतं: आवारात फक्त विद्यार्थ्यांच्या पालकांना प्रवेश आहे. आता ज्यांचा विद्यार्थी कॉलेजात नव्हता, खरं तर कुठेच नव्हता, ते पालक तरी कसले? तिसरं पत्र बाबांनी घडी करून खिशात घातलं आणि कामाला निघून गेले. धाकटी मात्र कॉम्प्युटरसमोर बसली आणि पाच मिनिटांत तीन तिकिटं काढून मोकळी झाली. ‘ऐतिहासिक महाविद्यालय दर्शन, मार्गदर्शकासह, कालावधी दीड तास.’

धाकटी पंधरा वर्षांची होती. अगदी गेल्या वर्षापर्यंत घरात पाहुणे आले की ती आतल्या खोलीत पळायची आणि कोणी नाव विचारलं तर दादाकडे बघायची. दादा गेला आणि बघायला कोणी उरलं नाही, म्हणून असेल कदाचित, पण यंदा शाळेत वादविवाद स्पर्धा आली तेव्हा तिनं हात वर केला. आणि नुसता वर केला नाही, पहिला नंबर घेऊन खाली आणला. तेव्हापासून तिच्या तोंडाचा पट्टा जो सुटला तो सुटलाच. दूधवाल्याशी वाद, मुख्याध्यापकांशी वाद, आरशाशीसुद्धा वाद. जगातली कुठलीही गोष्ट नीट मुद्दे मांडले की सुटते, अशी तिची आता पक्की खात्री झाली होती.

आणि तिला सोडवायची होती ती गोष्ट एकच होती.

आई बाबांशी अकरा महिने बोलत नव्हती. आदळआपट नाही, रडारड नाही. बाबांच्या ताटात वाढायची, त्यांचे रंगाचे डाग पडलेले शर्ट धुवायची, पण बोलायची फक्त धाकटीशी.

“तुझ्या बाबांना विचार, पाण्याची बाटली घेतली का.” कॉलेजकडे जाणाऱ्या बसमधे आई म्हणाली. बाबा त्याच बाकावर होते. मधे फक्त धाकटी.

“घेतली म्हणावं,” बाबा म्हणाले.

“घेतली म्हणतात,” धाकटी म्हणाली. “अहो, मी काय टेलिफोन एक्सचेंज आहे का? आता पगार तरी सुरू करा माझा.”

आई खिडकीबाहेर बघत राहिली.

झालं होतं ते असं. सत्र संपलं त्या संध्याकाळी दादाचा फोन आला. एका विषयात नापास झाला होता आणि ते त्यानं दोन महिने लपवलं होतं. बाबा तापट नव्हते, पण त्या दिवशी तापले. “मग तिकडेच राहा,” ते म्हणाले, “इकडे तोंड दाखवू नकोस.” फोन ठेवला. नऊ दिवसांनी हॉस्पिटलमधून फोन आला. कोणीतरी टॅक्सीत घालून आणलेला, तापानं फणफणलेला, शुद्ध हरपलेला मुलगा. ही तिघं पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हातात मिळाला त्याचा चष्मा आणि अंगावरचा स्वेटर.

मग कॉलेजचं पत्र आलं. फार सभ्य पत्र होतं. आपल्या मुलानं सत्राच्या शेवटच्या संध्याकाळी खोलीची किल्ली परत करून खोली सोडली होती, त्यानंतर तो कुठे होता याची आम्हाला कल्पना नाही, आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत.

ते पत्र आईनं एकदाच वाचलं. शेवटची संध्याकाळ म्हणजे फोनची संध्याकाळ. फोन ठेवला आणि पोरगं खोली सोडून निघून गेलं. घरी यायची चोरी, म्हणून आजारी अंगानं नऊ दिवस थंडीत कुठे कुठे पडून राहिलं असेल. आई बुटांच्या कारखान्यात जोड्या तपासायची. दोष कुठल्या टाक्यात आहे हे तिला लगेच दिसायचं. तिनं पत्र खाली ठेवलं, बाबांकडे एकदा बघितलं, आणि त्यानंतर अकरा महिने त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही.

धाकटीचा मुद्दा साधा होता. पत्र खोटं असलं तर? दादा खोलीतून गेलाच नसला तर? तसं सिद्ध झालं की बाबा निर्दोष. खटला खलास.

*

फाटकापाशी पंधरा-वीस माणसं जमली होती. मार्गदर्शक उंच, काटकुळा आणि गळ्यात कॉलेजच्या रंगांचा पट्ट्यापट्ट्यांचा टाय. धाकटीनं लगेच त्याचं नाव टायवाला ठेवलं. टायवाल्याला त्या कॉलेजचा एवढा अभिमान होता, की जणू प्रत्येक दगड त्यानंच खांद्यावरून वाहून आणला होता.

“हिरवळीवर पाय ठेवायचा नाही,” तो म्हणाला. “तीनशे वर्षांत फक्त प्राध्यापक चालले आहेत हिच्यावर.”

“आणि गवत कापणारे?” धाकटीनं विचारलं.

लोक हसले. टायवाल्यानं तिच्याकडे असं बघितलं की ही पोरगी आज दीड तास छळणार. आईनं तिच्या दंडाला चिमटा काढला, पण हलका.

जेवणघर बघून झालं. तिथली लांबच लांब टेबलं, भिंतीवर तेलरंगातले म्हातारे, सगळे एकाच माणसाचे काका असावेत तसे. ग्रंथालयाच्या दारातून आत डोकावून झालं. बाबा सगळीकडे मागे रेंगाळत होते. त्यांचा धंदा पाट्या रंगवायचा, दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. गावात दिसणाऱ्या निम्म्या अक्षरांना त्यांचा हात लागलेला. त्यामुळे लोक छताकडे बघत असताना ते दारावरचा क्रमांक बघायचे आणि पुटपुटायचे, “वळण चांगलं आहे.” रविवारी धाकटी त्यांच्या दुकानात बसायची. ब्रश धुणं, खडूनं रेघा मारणं, आणि तिचा आवडता खेळ: जुन्या पाटीवरून डोळे मिटून बोट फिरवायचं आणि वरच्या रंगाखाली आधी काय लिहिलं होतं ते ओळखायचं. रंग कितीही चढवा, खालच्या अक्षराची कड बोटाला लागतेच. आधी हा खेळ दादा खेळायचा.

“आता या बाजूनं,” टायवाला म्हणाला. “एरवी इकडे सोडत नाही. पण सध्या सुट्टी आहे, जिने रिकामे आहेत.”

चौकाच्या मागच्या बाजूला एकामागून एक जिने होते. प्रत्येकाच्या तोंडाशी आडवा लाल दोर. सातव्या जिन्यापाशी आई थांबली. दादाचा पत्ता तिला पाठ होता. सातवा जिना, खोली पाच, तिसरा मजला. दोन वर्षं तिनं पाकिटांवर तो लिहिला होता.

टायवालाही तिथेच थांबला. त्यानं जिन्याखालच्या भिंतीकडे हात केला. तिथे एक काळी पाटी होती, तिच्यावर पांढऱ्या रंगात एक ते आठ आकडे आणि प्रत्येकापुढे एक नाव.

“ही आमची खरी शान,” तो म्हणाला. “जेवणघरं काय, कुठेही बघायला मिळतील. पण ही नावं बघा. छापील नाहीत, चिकटवलेली नाहीत. ब्रशनं, हातानं लिहिलेली. आमचा पेंटर लिहितो, त्याच्या आधी त्याचा बाप लिहायचा. उन्हाळ्यात वर्ष संपलं की अख्ख्या पाटीवर एक काळा हात मारायचा आणि नवी नावं घालायची. मधेच कोणी खोली सोडली, तर त्या एकट्या नावावर काळा हात. आणि त्याला नियम आहे बरं का! किल्ली परत आली की त्याच संध्याकाळी नाव गेलं पाहिजे. किल्ली आली नाही तर नाव जाणार नाही. मग तो माणूस जगाच्या पाठीवर कुठेही असो. एक महाशय किल्ली खिशात घालून परदेशी लग्नाला गेले ते तिकडेच रमले. उन्हाळ्यापर्यंत पाटीवर विराजमान!”

“म्हणजे मेला तरी नाव तसंच?” एका टोपीवाल्या बाईनं हसत विचारलं.

“किल्ली आली नाही तर मेला तरी!” टायवाला म्हणाला, आणि सगळा घोळका खदखदून हसला.

तिघंजण सोडून.

धाकटीच्या डोक्यात मुद्दे एकामागून एक खटाखट बसत गेले. पत्रात लिहिलं होतं की किल्ली त्याच संध्याकाळी परत केली. म्हणजे त्याच संध्याकाळी दादाच्या एकट्याच्या नावावर काळा हात पडायला हवा. त्यावर मग उन्हाळ्यात सगळ्या पाटीचा हात. एकट्या नावावर मारलेल्या हाताला कड असते, चारी बाजूंनी, चौकोन. तो बोटाला लागणारच. पाचव्या ओळीवर चौकोन असला तर पत्र खरं. नसला तर पत्र खोटं आणि दादा इथून हललाच नव्हता.

तिनं बाबांकडे बघितलं. बाबांचं गणित तिच्या आधीच झालं होतं. त्यांचा उजवा हात खिशातून बाहेर आलेला होता.

आईलाही कळलं. इतकी वर्षं पेंटरच्या घरात काढल्यावर न कळून कसं चालेल? ती पाटीकडे न बघता म्हणाली, “तुझ्या बाबांना सांग, बघा म्हणावं.”

पाटीखाली ‘हात लावू नये’ अशी सूचना होती. टायवाला घोळक्याला घेऊन पुढच्या विहिरीपाशी फोटो काढायला गेला, तेव्हा बाबा पाटीजवळ सरकले. पहिल्या ओळीवरून बोट फिरवलं. दुसऱ्या. तिसऱ्या ओळीपाशी त्यांचं बोट किंचित अडलं, आणि त्यांनी मान हलवली. तिथला कोणीतरी मधेच गेला होता. मग चौथी. मग पाचवी.

पाचव्या ओळीवर बोट एकदा डावीकडून उजवीकडे गेलं. परत आलं. मग अगदी सावकाश, एखाद्या लहान मुलाला अक्षर गिरवायला लावतात तसं, पुन्हा एकदा गेलं. ओळ संपली तरी बोट तिथेच राहिलं. बाबांची पाठ धाकटीकडे होती.

ते वळले तेव्हा चेहऱ्यावर काही नव्हतं.

“चौकोन आहे,” ते धाकटीला म्हणाले. “पत्र खरं आहे म्हणावं.”

आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “बरं,” ती म्हणाली. “झालं मग. तुझ्या बाबांना सांग, आता चला.” आणि ती जाऊन विहिरीजवळच्या दगडी बाकावर बसली.

धाकटीला हे मान्यच नव्हतं. हरलेल्या स्पर्धकानं परीक्षकाच्या टेबलावर जाऊन गुण पुन्हा मोजावेत तशी ती पाटीपाशी गेली आणि तिनं डोळे मिटले. तिसरी ओळ: कड, कोपरा, कड. चौकोन अगदी स्पष्ट. पाचवी ओळ: वर कुठल्यातरी नव्या मुलाचं नाव. त्याच्या खाली काळा रंग, सपाट, सलग. आणि त्याच्या खाली दादाचं नाव, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत.

तिनं पुन्हा बोट फिरवलं. वर, खाली, दोन्ही टोकांना. चौकोन नव्हता.

म्हणजे कोणी नाव पुसलं नव्हतं. दादाला स्मशानात पोचवून ही तिघं घरी परतल्यावरही पुढे सहा महिने तो इथे राहत होता, पांढऱ्या अक्षरांत, खोली क्रमांक पाच.

तिनं बाबांना बाहीला धरून जिन्याच्या कोपऱ्यात ओढलं.

“बाबा, चौकोन नाहीये!”

“हळू बोल.”

“हळू काय! तुम्ही सुटलात, कळतंय का तुम्हाला? त्यानं किल्ली दिलीच नाही! तुमच्या बोलण्यानं तो कुठेही गेला नाही! मग खोटं का सांगितलंत?”

“मी सुटलो,” बाबा म्हणाले. “आणि तो?”

“तो काय?”

“किल्ली त्याच्याजवळ होती. मग तो कुठे होता?”

उत्तर समोरच होतं. मघापासून ती ते हातात धरून नाचत होती आणि तिनं ते एकदाही उलटं करून बघितलं नव्हतं.

“सुट्टी लागली होती,” बाबा सांगत होते. आवाज असा, की एखाद्या गिऱ्हाइकाला कामाचा अंदाज देतायत. “आजच्यासारखीच. जिना रिकामा. तिसऱ्या मजल्यावर हा एकटा, अंगात ताप. नऊ दिवस. उठून पाणी प्यायला का नाही, हाक मारली का नाही, कोणाला माहीत? शेवटी कोणीतरी दार उघडलं असेल, घाबरून टॅक्सीत घातलं असेल, आणि मग हे पत्र लिहिलं असेल. आता हे तुझ्या आईला देऊ? आजपासून रोज डोळे मिटले की तिला ती खोली दिसेल. त्यापेक्षा माझ्यावर राग आहे तो असू दे. रागात निदान काहीतरी धरायला असतं.”

“पण मग ती तुमच्याशी कधीच बोलणार नाही.”

“नाही बोलणार,” बाबा म्हणाले. “तू आहेस की मधे.”

धाकटीला एकदम रडू फुटलं, आणि वादविवाद स्पर्धेत पहिला नंबर आलेल्या मुलीला एक मुद्दा सुचेना. तिनं नाक पुसलं. बाहेर घोळका हसत होता. टायवाला विहिरीत पडलेल्या कुठल्यातरी प्राध्यापकाची गोष्ट रंगवून सांगत होता.

“काय खुसुरफुसुर चाललंय?” आई बाकावरून उठून आली होती. तिची नजर धाकटीच्या बोटावर होती. “तूही बोट फिरवलंस. मी बघितलं. तुला काय लागलं?”

“बाबांनी सांगितलं ना...”

“त्यांना काय लागलं ते त्यांनी सांगितलं. तुला काय लागलं?”

कारखान्यात आई अशीच विचारायची. आवाज चढवायचा नाही, घाई करायची नाही. ज्याच्या हातून टाका सुटला त्यानं स्वतःहून दाखवेपर्यंत बूट पुढे धरून उभं राहायचं. धाकटीनं बाबांकडे बघितलं. बाबा मान हलवत होते, अगदी थोडी. नको. नको.

तिनं खोटं सांगायचं ठरवलंसुद्धा. वाक्य तोंडात तयार होतं, दोन शब्दांचं. पण समोर आई होती आणि बाजूला बाबा, आणि तिला पुढची सगळी वर्षं दिसली. त्या दोघांच्या मधे बसलेली ती, पाण्याची बाटली घेतली म्हणतात, उद्या उशीर होईल म्हणतात, बरं नाही वाटत म्हणतात.

“चौकोन नाही, आई,” ती म्हणाली.

“तिसऱ्या ओळीवर आहे?”

“आहे.”

“पाचवीवर नाही.”

“नाही.”

आईनं मान खाली घातली. ती मोजत होती, धाकटीला ओठ हलताना दिसले. मोजून झाल्यावर तिनं वर बघितलं. धाकटीकडे नाही, बाबांकडे.

“नऊ दिवस?” तिनं विचारलं.

बाबांना उत्तर कोणाला द्यायचं ते क्षणभर कळेना. सवयीनं त्यांनी धाकटीकडे बघितलं.

“तुम्हाला विचारतेय,” आई म्हणाली. “तो वर होता? नऊ दिवस?”

“हो,” बाबा म्हणाले. “असणार.”

“आणि तुम्ही मला इथून तशीच परत नेणार होतात.”

“हो.”

धाकटीनं या क्षणाची किती वेळा कल्पना केली होती! आई बोलेल, बाबांचा चेहरा खुलेल, आपण मधून उठून खिडकीशी जाऊन बसू. आई बोलली होती. आणि त्या दोघांचे चेहरे बघवत नव्हते.

“कोणी दार तरी वाजवलं असेल का हो?” आईनं विचारलं. आता तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “एकदा तरी?”

आईनं साडी किंचित वर धरली आणि लाल दोर ओलांडला. मागून बाबा. दोघांच्या पावलांचा आवाज दगडी पायऱ्यांवरून वर वर गेला.

“अहो! अहो बाई!” टायवाला विहिरीकडून धावत आला. “वर जायचं नाही! दोर दिसत नाही का?”

धाकटी दोरासमोर आडवी उभी राहिली. गालावर अजून ओल होती, पण आवाज तिचा होता, स्पर्धेतला, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा.

“सर, एक शंका आहे. ते महाशय परदेशी लग्नाला गेले, ते कोणाच्या लग्नाला? स्वतःच्या का?”

“अं? बाळ, बाजूला हो...”

“आणि सर, पेंटरचा बापसुद्धा इथेच होता म्हणालात, तर त्यांची अक्षरं वेगळी ओळखू येतात का? आणि हा काळा रंग साधा असतो की चकाकीवाला? माझे बाबा पेंटर आहेत, म्हणून विचारते. आणि किल्ली हरवली तर काय करता हो तुम्ही? खरंच हरवली तर? एखादा मुलगा वर असला, आणि किल्ली त्याच्याजवळ असली, आणि तो खाली आलाच नाही, तर बघायला कोण जातं?”

टायवाल्यानं मान वर केली. वरून आवाज आला होता. लाकडी दारावर हाताची मूठ. तीनदा. मग शांतता, कोणी आतून येतंय का याची वाट बघावी एवढी. मग पुन्हा तीनदा.

“वर कोणी नाहीये,” टायवाला म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. “सांग त्यांना. सुट्टी आहे. या दिवसांत इकडे कोणी फिरकत नाही.”

“माहीत आहे,” धाकटी म्हणाली.

ती दोर धरून उभी राहिली. वर दार वाजतच होतं, आधी एकट्या आईच्या मुठीनं, आणि मग दोघांच्या.